भावजींचं काचघर

आमच्या घरात काचेला माणसांपेक्षा जास्त मान होता. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं की पलंगामागे हात घालायचा नाही, कपाटाला टेकायचं नाही आणि जिन्याखाली ठेवलेल्या घोंगडीला पाय लागू द्यायचा नाही. मला वाटलं, सासरी बरंच काही दडवलेलं दिसतंय. कुणी नाही असं बघून घोंगडी उचलली तर खाली काच. पलंगामागे काच, कपाटामागेही काच. माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, कामावरून एकेक करून आणलेल्या.

भावजी इमारतींना काचा बसवायचे. मोठ्या कार्यालयांना बाहेरून काळपट निळ्या काचा असतात, आत बसलेल्यांना ऊन लागू नये म्हणून, त्या. एखादी काच मापाला चुकली किंवा कोपऱ्यात ओरखडा उमटला की ती बाजूला काढली जायची आणि हवी त्याला ती घेऊन जायची मुभा होती. बाकीचे कामगार ती टेबलावर टाकायचे, नाहीतर न्हाणीघराच्या खिडकीला लावायचे. भावजी मात्र ती जुन्या चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर उभी धरून घरी आणायचे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "नवरीला खिडकीशी बसवा," म्हणायचा. भावजींना विनोद कळत नसे. ते खरंच खिडकीशी सरकून बसायचे.

कामावर त्यांना मिलिमीटर म्हणत. माणूस गरीब गाय, पण मापाच्या बाबतीत बापाचंही ऐकणार नाही. स्वयंपाकघरातलं फडताळ त्यांनी बसवलं तेव्हा भिंतच तिरकी आहे असं सिद्ध करून दाखवलं आणि भिंत सरळ करेपर्यंत आमची भांडी जमिनीवर राहिली. माझ्या नवऱ्याला भाऊ फार प्रिय. मी काही बोलायला लागले की तो वर्तमानपत्र उघडायचा.

या सगळ्या काचा जाऊबाईंसाठी होत्या. जाऊबाई लग्नाआधी एका रोपवाटिकेत कामाला होत्या. बी पेरायचं, रोप वर आलं की दुसऱ्या वाफ्यात हलवायचं, एवढंच काम, पण त्यांच्या हाताला असं यश होतं की रुसलेलं बी त्यांच्याकडे पाठवत, असं मी नंतर ऐकलं. लग्नानंतरही त्या जात होत्या. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि घरी कुणीतरी हवं झालं. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे काही कुणाला विचारावं लागलं नाही. नोकरी सोडली त्या दिवशी भावजी त्यांना म्हणाले होते, "दुसऱ्यांची रोपं कशाला सांभाळायची? मी तुला घरीच काचघर बांधून देतो. तुझी स्वतःची रोपवाटिका." आमच्याकडे हिवाळा कडक. उघड्यावर तीन-चार महिने काही तग धरत नाही. काचघर असलं तर वसंत लागायच्या आत रोपं तयार, आणि तेव्हा लोक दारात येऊन नेतात. जाऊबाईंना तेवढंच हवं होतं. दागिना नको, कपडालत्ता नको. मी घरात आले तोवर सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि काचघराच्या नावाने परसात फक्त चार खुंट्या आणि ताणलेली दोरी होती.

दोरीचं काम पुढे सरकायला किती काळ गेला ते मी सांगत बसत नाही. आधी पाया. मग पाया समपातळीत नाही म्हणून परत पाया. मग लोखंडी चौकट, तीही कामावरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, प्रत्येक सांधा घासून गुळगुळीत. एक भिंत उभी राहायची आणि पुढच्या मापाची काच मिळेपर्यंत दोन हिवाळे तशीच वारा खायची. मी एकदा जाऊबाईंच्या देखत म्हणाले की वाकवलेल्या नळ्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकला तर आठवड्यात काम होईल, गावभर लोक तसंच करतात. भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बायकोला फाटकं लुगडं नेसवायला सांगितलं होतं.

"प्लॅस्टिक म्हणजे तात्पुरतं," ते म्हणाले. "मी हिला कायमचं करून देतोय."

 त्याच वर्षी जाऊबाईंनी घराच्या बाजूला, भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात, तीन नळ्या वाकवल्या आणि वर प्लॅस्टिक ओढलं. 'तोवर' म्हणून. शेजारच्या उंच इमारतीमुळे आमच्या परसात हिवाळ्यात दुपारनंतर सावलीच असते. त्या एका पट्ट्यावर तेवढं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. तिथे त्या गुडघे टेकून काय काय करायच्या, आणि घरापुरते टोमॅटो, मिरच्या, थोडी फुलझाडं निघायची. विकायला पुरतील इतकी नाहीत. पट्टा होता दोन माणसं आडवी झोपतील एवढा.

मग भावजी पडले. परांचीवरून, काचेसकट. काच त्यांनी सोडली नाही म्हणून खाली हात टेकता आला नाही, आणि उजवा खांदा कायमचा निकामी झाला. कामावरून त्यांना सन्मानाने निरोप दिला, म्हणजे एक शाल आणि भाषण. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. दाढी नाही, आंघोळ नाही, विचारलं तर उत्तर नाही. एका सकाळी जाऊबाई वर माझ्याकडे आल्या आणि ओच्यातून दाढीची पाती, औषधांच्या बाटल्या आणि एक दोरखंड काढून माझ्या कपाटात ठेवला. कुलूप लावायला सांगितलं.  मी चहा केला, तो त्यांनी प्यायला, आणि त्या खाली गेल्या.

भावजींना उठवलं ते काचघरानेच. जाऊबाई एका दिवशी पलंगामागच्या काचा ओढायला लागल्या. एकट्याच. काच भिंतीला घासल्याचा आवाज झाला आणि भावजी ताडकन उठून बसले. "अशी नको धरूस, कोपरा जाईल," हे त्यांचं त्या महिन्यातलं पहिलं वाक्य. तिथून पुढे ते डाव्या हाताने दाखवायचे आणि जाऊबाई बसवायच्या. मीही धरू लागले. काच धरायला मला दिली की माझा नवरा वर्तमानपत्र बाजूला ठेवून खिडकीतून बघायचा, एवढा त्याचा हातभार. त्या हिवाळ्याच्या शेवटी काचघर पुरं झालं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. एकही सांधा हलत नव्हता, दार एका बोटाने उघडायचं. निळसर काळ्या काचांचं ते घर परसात असं उभं होतं की जणू एखाद्या बँकेने अंडं घातलं होतं.

जाऊबाईंनी आत ट्रे मांडले, बी पेरलं. भावजी रोज सकाळी दाढी करून आत जाऊन बसायचे. बी उगवलं. मग रोपं उंच उंच होत गेली, दोऱ्यासारखी, पिवळट, आणि एकेक करून माना टाकायला लागली. भावजी म्हणाले, पाणी जास्त झालं. मग म्हणाले, माती बदल. मग काहीच म्हणेनात. दाढी पुन्हा वाढायला लागली.

आणि मग एका सकाळी ट्रेमध्ये रोपं उभी होती. बुटकी, जाड देठाची, हिरवीगार. भावजींनी मला हाक मारून बोलावलं. "मातीच होती," म्हणाले. "मी सांगितलं होतं ना, मातीत दोष आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही खूश झाले. मला तेव्हा वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पुढे भावजींचा कामावरचा जुना जोडीदार भेटायला आला. दोघांनी मिळून कितीतरी इमारतींना काचा लावलेल्या. तो काचघराभोवती एक फेरी मारून आला, एका काचेवर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. आत गेला, रोपांकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे. चहा पिऊन निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले.

"वहिनी, ही काच ऊन अडवायची आहे," तो हळूच म्हणाला. "आम्ही जन्मभर तेच केलं. उन्हातलं निम्म्याहून जास्त ही बाहेरच ठेवते. हिच्याआड रोप धरत नाही. मग ही रोपं आली कुठून?"

मी म्हटलं, तुम्ही त्यांना का नाही सांगितलं? तो म्हणाला की त्याने तीन वेळा तोंड उघडलं होतं. भावजी त्याला समजावत होते की जी काच बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही ती आतली बाहेर कशी जाऊ देईल, म्हणून तर त्यांनी साधी काच एकही घेतली नाही, हीच जमवली. उबेचा सगळा हिशोब बरोबर होता. रोपाला उबेआधी उजेड लागतो, हे काच बसवणाऱ्याच्या डोक्यात कशाला येईल? त्याचं आयुष्य उजेड कमी करण्यात गेलेलं. तो जोडीदार पुन्हा आला नाही.

त्या दुपारी भावजी झोपताच मी तडक पट्ट्याकडे गेले. जाऊबाई प्लॅस्टिकखाली गुडघ्यांवर होत्या. शेजारी काचघरातला एक ट्रे, त्यात माना टाकलेली रोपं. त्या ती उपटून टाकत होत्या आणि वाफ्यातली धडधाकट रोपं मुळांच्या मातीसकट ट्रेमध्ये लावत होत्या. भावजी दुपारची खांद्याची गोळी घेऊन झोपत, तेवढ्यात हे चालायचं. मी विचारलं, कधीपासून कळलंय? त्या म्हणाल्या, "पहिली भिंत उभी राहिली तेव्हापासून. तिच्यामागे एक कुंडी ठेवून बघितली होती."

म्हणजे बाकीच्या तिन्ही भिंती आणि छप्पर त्यांनी जाणूनबुजून उभं होऊ दिलं. मला इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडले, वयाने मोठ्या जावेवर. सांगितलं का नाही? त्यांनी हातातलं रोप नीट दाबून बसवलं आणि म्हणाल्या, सांगणारच होते, पण ते पडले. झाकली मूठ राहू दे. रोपं या पट्ट्यात होतातच आहेत, ट्रे कुठे ठेवला याने कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काचघर फळाला आलं म्हटल्यावर भावजींना पंख फुटले. रोपं चांगली आहेत पण थोडी आहेत, विकायची तर जागा वाढवायला हवी. जिन्याखालच्या काचा अजून शिल्लक होत्या. एका सकाळी ते दोरी आणि खुंट्या घेऊन घराच्या बाजूला गेले आणि कुंपणापासून भिंतीपर्यंत मापं घ्यायला लागले. तिथे दिवसभर ऊन असतं, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. पट्ट्यावर आता काचघराचा दुसरा भाग होणार होता. "ते प्लॅस्टिकचं झंगट आता कशाला?" ते म्हणाले. "तोवर होतं. आता कायमचं आलं."

मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, आता तरी सांगा, नाहीतर मी सांगते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खाणार? तुम्हाला आयुष्यात एक गोष्ट हवी होती. ती त्या पट्ट्यात आहे. तो गेला तर तुमच्याकडे काय उरतं?

त्यांनी गॅस बंद केला. "तू सांग," म्हणाल्या. "पण सांगून झाल्यावर वर निघून जाऊ नकोस. खाली राहा. रात्री त्यांच्या खोलीत तू झोप, सकाळी ते भिंतीकडे वळतील तेव्हा त्यांना तू उठव. रोज. मला एकटीला ते पुन्हा जमणार नाही."

मी नाही सांगितलं. धीर झाला नाही म्हणा. त्या बाहेर गेल्या, प्लॅस्टिक काढलं, नळ्या उपसल्या, आणि दोरीचं दुसरं टोक हातात धरून उभ्या राहिल्या. भावजी एक डोळा मिटून दोरीवरून बघत होते. "जरा डावीकडे," म्हणाले, आणि त्या जरा डावीकडे सरकल्या. मातीत उरलेली रोपं त्यांच्या पायाखाली होती.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा लवकर झाला, कारण आता भावजी हुरूपाने उठत होते. लोक बघायला यायचे. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे आणि भावजी त्यांना दार एका बोटाने उघडून दाखवायचे. रोपं विकायची गोष्ट मात्र मागे पडत गेली. जाऊबाई दर वेळी काहीतरी कारण काढायच्या. ही थोडी कोवळी आहेत, या वर्षी राहू दे, पुढच्या खेपेला बघू. विकणार कशी? तीच तर परत ट्रेमध्ये घालायची होती. आता ती येत होती त्यांच्या जुन्या रोपवाटिकेतून. दुपारी गोळीच्या गुंगीत भावजी झोपले की जाऊबाई बसने जायच्या, दोन पिशव्या भरून आणायच्या, आणि मरत आलेली रोपं कचऱ्यात खाली दडपून वर जुने कागद टाकायच्या. भावजींना जाग यायच्या आत त्यांच्या नखांतली मातीसुद्धा निघालेली असायची.

गेल्या वसंतात जाऊबाईंची गुडघेदुखी फार वाढली, म्हणून पिशव्या धरायला मी गेले. रोपवाटिका मी पहिल्यांदाच बघत होते. लांबच लांब वाफे, वर दुधी प्लॅस्टिक, आणि आत असा पांढरा स्वच्छ उजेड की मला क्षणभर डोळे बारीक करावे लागले. जाऊबाई आत शिरल्या आणि त्यांची चाल बदलली. वाफ्यांमधून जाता जाता त्या इथे एक पान उलटं करून बघत होत्या, तिथे एक ट्रे अर्धी वीत सरकवत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधीच पाहिलं नव्हतं आणि मला रडू आलं.

तिथली मुख्य बाई आता जी आहे ती एके काळी जाऊबाईंच्या हाताखाली शिकलेली. ती धावतच आली. म्हणाली, ताई, पेरणीला माणूस मिळत नाही, पोरी येतात आणि बी कुजवतात. गुडघे दुखत असतील तर उंच टेबलावर काम देते. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, बाजूचा एक वाफा रिकामाच पडून असतो, तो तुम्ही घ्या, तुमच्या मनाने लावा, तुमच्या नावाने विका. फक्त रोज या.

 जाऊबाई त्या रिकाम्या वाफ्याकडे बघत राहिल्या. दोन बोटं मातीत घालून त्यांनी माती चोळली, वास घेतला. मला वाटलं, आता हो म्हणतील. म्हणा ना बाई, मी मनात म्हणत होते. बाकीचं आपण बघून घेऊ.

"मी रोज इथे आले तर घरच्या रोपांचं कोण बघणार?" जाऊबाई म्हणाल्या. "दोन काचघरं भरलीत माझी."

ती बाई हसली. वा ताई, म्हणजे तुम्ही स्वतःचंच केलंत की, म्हणाली, आणि आमच्या पिशव्या भरून द्यायला आत गेली.  माझ्या एका पिशवीत टोमॅटोची रोपं होती, दुसरीत मिरचीची.

घरी आलो तेव्हा भावजी अजून झोपलेले होते. आम्ही दोघींनी मिळून ट्रे भरले. संध्याकाळी ते उठले, दाढी केलीच होती, स्वच्छ सदरा घालून काचघरात आले आणि एकेका ट्रेवरून डाव्या हाताचा तळवा फिरवत गेले. रोपं टवटवीत होती. दहा-बारा दिवस तशी राहतात.

"बघितलंस धाकटे?" ते मला म्हणाले. "हिला नोकरीवर राहू दिलं असतं तर आज दुसऱ्यांची रोपं सांभाळत बसली असती."

"हो ना," जाऊबाई म्हणाल्या, आणि झारी भरून आणायला नळाकडे गेल्या.